मागच्या रांगेपर्यंत

समस्त खानदेशवासीयांना, म्हणजे तापीच्या अल्याडच्या, पल्याडच्या आणि पोटापाण्यासाठी पुण्याला जाऊन तिथे शेवभाजी शोधत फिरणाऱ्या सर्वांना, अत्यंत गंभीरपणे आणि चष्मा काढून कळवण्यात येते, की आमच्या चौथीच्या गुरुजींनी छडी खाली ठेवली आहे. ही बातमी कुठल्याही वर्तमानपत्रात आलेली नाही. टीव्हीवर तर तिच्याऐवजी कोणाच्या तरी लग्नातला नाच दाखवला. म्हणून ती मलाच द्यावी लागते आहे. तापी आणि आमचे गुरुजी, या दोघांनी आजवर कोणाचं ऐकलेलं नाही. त्यातही तापीवर धरणं झाली. गुरुजींवर झाली नाहीत. ते आता ऐंशीचे आहेत, निवृत्त होऊन त्यांना बावीस वर्षं झाली, आणि ही बावीस वर्षं ते रोज सकाळी अकरा ते बारा आमच्या गावच्या शाळेत चौथीचा वर्ग घेतात. पगार नाही, नेमणूक नाही, कोणी बोलावलेलंही नाही. निवृत्तीच्या समारंभात शाल-श्रीफळ घेऊन ते घरी गेले, नारळ फोडला, खोबरं खाल्लं आणि दुसऱ्या दिवशी अकराला वर्गात हजर झाले, एवढंच.

गाव सावद्यापासून सायकलीच्या अंतरावर. चारी बाजूंनी केळी, मधे गाव, गावाच्या मधे शाळा आणि शाळेच्या मधे गुरुजी, असा त्याचा नकाशा आहे. मी आता धुळ्याला देवपुरात चष्म्याचं दुकान चालवतो, पण गुरुजींच्या दृष्टीने माझी ओळख 'चौदा' एवढीच आहे. कारण गुरुजींना विद्यार्थ्यांची नावं लक्षात राहत नाहीत, हजेरीपटावरचे नंबर राहतात. माझ्या लग्नात ते मांडवात आले, अक्षता टाकल्या आणि बायकोला म्हणाले, "चौदाला सांभाळ. याचं शुद्धलेखन चांगलं आहे." बायको बिचारी बराच काळ मला बाकीचे तेरा भाऊ कुठे असतात ते विचारत होती. एसटीत आमच्या वर्गातले दोघे भेटले तरी गुरुजी पूर्ण हजेरी घेतात, एक ते एकतीस, पाठ. जे गाडीत आहेत ते ओरडून 'हजर' म्हणतात. जे नाहीत त्यांच्या वेळी गुरुजी खिडकीबाहेर बघत थोडं थांबतात. आणि आमच्यातले जे चौघे आता या जगात नाहीत, त्यांचा नंबर आला की स्वतःच हळूच म्हणतात, "रजेवर." मग पुढचा नंबर.

त्यांचं बोलणं छापील. गावात बठ्ठी, म्हणजे सगळी, माणसं आपापल्या बोलीत बोलतात, पण गुरुजी गोठ्यातल्या म्हशीशीसुद्धा विभक्ती प्रत्ययांसह बोलतात. "आपण किंचित डावीकडे सरकलात, तर मला धार काढता येईल," असं म्हशीला म्हणताना मी त्यांना या कानांनी ऐकलं आहे. म्हैस सरकली. गावातला कोणीही माणूस सांगेल की त्या म्हशीला दुसऱ्या कोणाची धार काढलेली चालत नाही, आणि शिव्या देणारा तर तिला समोरही चालत नाही.

घड्याळावर त्यांचा विश्वास नाही. वेळ मोजायची ती पाढ्यांनी. त्यांच्या घरी चहा सतराच्या पाढ्यावर होतो. पाणी उकळलं, पत्ती पडली, दूध पडलं, की गुरुजी ओट्यावरून 'सतरा एके सतरा' सुरू करतात आणि 'सतरा दाहे एकशे सत्तर' झालं की आतून अक्का, म्हणजे त्यांच्या मंडळी, भांडं उतरवतात. पिठलं एकोणतीसचं, दोन वेळा. भरीत करायची वांगी भाजायला घेतली की मात्र दिडकी, म्हणजे दीडचा पाढा, लागते, तिच्याशिवाय ती आतपर्यंत शिजत नाहीत. अक्का एकदा चार दिवस जामनेरला लेकीकडे गेल्या, तर तिथल्या गॅसवर त्यांना साधा चहा जमेना. शेवटी लेकीने गावी फोन लावला, स्पीकरवर टाकला, आणि जामनेरच्या स्वयंपाकघरात गुरुजींनी सावद्याकडून पाढा म्हटला तेव्हा कुठे जावयाला चहा मिळाला. जावई म्हणाले, रंग उत्तम आला होता.

आता पाठांतराबद्दल. जगात जे काही आहे ते पाठ करता येतं आणि जे पाठ करता येत नाही ते असून नसल्यासारखं, असं गुरुजींचं तत्त्वज्ञान. दोन वर्षांपूर्वी डोळे तपासायला ते माझ्या दुकानात आले. बाकावर बसले. त्यांच्या आधीचं गिऱ्हाईक अक्षरांचा तक्ता वाचत होतं. मग गुरुजींची पाळी आली. खुर्चीत ताठ बसले, एक डोळा झाकला आणि वरपासून खालपर्यंत सगळा तक्ता खडाखडा वाचून दाखवला. अगदी तळाची ओळसुद्धा, जी मला स्वतःला जवळ गेल्याशिवाय दिसत नाही. मला संशय आला. मी तक्ता उलटा केला, मागच्या बाजूला दुसरी अक्षरं होती. आता गुरुजींना वरचा भलामोठा 'म' दिसला आणि त्याखाली काहीच दिसेना.

"गुरुजी, तुम्हाला दिसत नाहीये."

"मघाशी तर आलं सगळं."

"मघाशी पाठ म्हटलंत तुम्ही. आधीच्या माणसाचं ऐकून."

"मग?" गुरुजी शांतपणे म्हणाले. "पाठ असल्यावर दिसायची गरज काय, चौदा?"

जाता जाता त्यांनी तक्त्यातला 'ल' ज्याने काढला त्याला दहापैकी चार गुण दिले आणि चष्मा घेऊन गेले. तो चष्मा ते फक्त सणासुदीला लावायचे.

एवढं सगळं सांगितलं, पण ज्या गोष्टीने गुरुजी पंचक्रोशीत गाजले ती अजून सांगितलेली नाही. छडी. आमच्या गुरुजींची छडी म्हणजे केळीच्या पानाचा दांडा. दर सोमवारी ताजा. येता येता कोणाच्याही बागेतून तोडायचा, पान सोलून टाकायचं आणि हिरवागार, मनगटाएवढा दांडा काखेत घालून वर्गात शिरायचं. वर्गातली बसायची पद्धतही उलटी. कच्ची मुलं पुढे, हुशार मुलं सगळ्यात मागे भिंतीला टेकून. मागच्या रांगेत आम्ही तिघे. पुढे कोणी पाढा चुकला, की गुरुजी त्याला कोपऱ्यात फळ्याआड बोलवायचे. आम्हाला दिसायची फक्त गुरुजींची पाठ. मग 'फट्ट' असा आवाज यायचा, की छपराची कौलं हलावीत, आणि त्यापाठोपाठ अशी किंकाळी, की शेजारच्या बागेतल्या टिटव्या उडाव्यात. मार खाल्लेला मुलगा परत यायचा तो हात काखेत दाबून, मान खाली घालून. आणि त्याच्या बाहीवर, तळहातावर तपकिरी डाग असायचे. मी नऊ वर्षांचा होतो. ते डाग वाळलेल्या रक्ताचे आहेत याबद्दल मला काडीची शंका नव्हती.

मी कधीच चुकलो नाही. माझ्यात चुकायची हिंमतच नव्हती. अख्ख्या चौथीत माझ्या सदऱ्यावर एक डाग पडला नाही आणि आई ओळखीच्या बायकांना तो सदरा उलटासुलटा करून दाखवायची. मी मात्र रोज सकाळी शाळेच्या वाटेवर चिंचेखाली ओकायचो. हे आईला माहीत नव्हतं. कोणालाच माहीत नव्हतं. पुढे मी मोठा झालो, चष्मे विकू लागलो, चार माणसांत गुरुजींचे किस्से रंगवून सांगू लागलो, लोक हसू लागले. चिंचेची गोष्ट तेवढी कधी सांगितली नाही. तिच्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

गेल्या महिन्यात मला फोन आला तो त्या शाळेच्या मुख्याध्यापिका बाईंचा. या बाई मूळच्या आमच्या देवपुरातल्या, माझ्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर लहानाच्या मोठ्या झालेल्या, त्यामुळे मला काका म्हणतात. कामाच्या अतिशय. शाळेला त्यांनी रंग दिला, वर्गात मोठा टीव्ही बसवला. त्या टीव्हीसमोर गुरुजी पहिल्या दिवशी हात मागे बांधून तासभर उभे होते आणि म्हणाले होते, "शिकवतो उत्तम. पण याला मागची रांग दिसत नाही." बाईंना हे इतकं पटलं, की त्यांनी तेव्हापासून गुरुजींचा अकराचा तास वेळापत्रकात लिहूनच टाकला.

"काका, मोठी पंचाईत झालीये," बाई म्हणाल्या. "चौथीत एक नवी मुलगी आलीये. साक्रीकडची. वडील केळीच्या गाड्या भरायच्या कामावर आलेत. पोरगी इतकी हुशार आहे की मला तिला काय शिकवू कळत नाही. आणि तीन दिवस झाले, ती शाळेत येत नाहीये."

"का?"

"गुरुजींच्या छडीला घाबरून."

"मारलं तिला?"

"छे! एकदाही नाही. तिला कशाला मारतील? चुकतच नाही ती. मागच्या रांगेत बसते."

मी दुकानात उभा होतो तो स्टुलावर बसलो.

मुलीची आई शाळेत येऊन गेली होती. बाईंनी तिचं बोलणं मला जसंच्या तसं सांगितलं. "तठे शाळामा फट्ट वाजस, नि हाई घरमा थरथर कापस. पोटमा दुखस म्हने. बाई, तुम्ही चांगल्या शेत, म्हणून सोमवार लगून थांबसू. मंग मी लिखी दिसू." म्हणजे सोमवारपर्यंत वाट बघणार आणि मग लेखी तक्रार. लेखी तक्रार आली की ती बाईंना वर पाठवावीच लागणार होती, आणि वर गेली की पहिला प्रश्न येणार होता, की हे गृहस्थ कोणाच्या परवानगीने वर्गात येतात. याला उत्तर नव्हतं. गुरुजींचा अकराचा तास संपला असता. "मला ते हवेत हो काका," बाई म्हणाल्या. "पण ती मुलगीही हवीय. आणि खरं सांगू का, ती बाई चुकीचं काहीच बोलत नाहीये. तुम्ही त्यांचे विद्यार्थी. तुम्ही या."

शनिवारी दुकान मुलाकडे सोपवून मी गावी गेलो. आधी गाठलं 'सात'ला. सात नंबर म्हणजे आमच्या वर्गातला सर्वांत जास्त मार खाल्लेला विद्यार्थी, आता वीस एकर केळीचा मालक. बागेत ठिबकच्या नळ्या तपासत होता. मी त्याला गंभीरपणे म्हणालो, की बाबा रे, गुरुजींचं वय झालं, काळ बदलला, मुलांना असं रक्त निघेपर्यंत मारणं आता शोभत नाही, आपण दोघांनी जाऊन त्यांना सांगू.

सातने हातातली नळी खाली ठेवली. "काय निघेपर्यंत?"

"रक्त. तुझ्या बाहीवर डाग असायचे, विसरलास?"

सात आधी हसला नाही. आधी तो खाली बसला. मग हसला. इतका हसला, की बागेच्या दुसऱ्या टोकाचे मजूर काम सोडून बघायला आले. "काय भो चौदा! तो तं केयीचा चीक! धुतला तरी जात नाही, माह्या मायनं किती सदरे फेकले! तुले... तुले माहीतच नव्हतं?"

मग त्याने कमरेचा विळा काढला, एक दांडा तोडला, पान सोललं, टोकाकडून हातभर लांबीच्या दोन उभ्या चिरा दिल्या. दांड्याच्या तीन जिभा झाल्या. "हात कर," म्हणाला, पण मी काही केला नाही. म्हणून त्याने स्वतःच्याच मांडीवर हाणला. फट्ट! तोच आवाज. बेचाळीस-त्रेचाळीस वर्षांनी. मी एक पाऊल मागे सरकलो. सात मात्र हसतच होता. "लागत नाही रे काही. जिभा एकमेकीवर आपटतात, त्याचा आवाज. गुरुजी फयाआड न्यायचे, कानात सांगायचे, 'रड. मोठ्यानं रड. मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं पाहिजे.' मंग आपुन रडायचं. ज्याचं रडनं चांगलं झालं त्याले शेंगदाणे. अन् मागं कोणाले सांगितलं तं खरी छडी आणीन म्हणत. सोमवारी ताज्या दांड्याचा आवाज भारी, म्हणून आम्ही सोमवारी मुद्दाम चुकायचो!"

वर्गात आम्ही एकतीस जण. त्यातल्या अठ्ठावीस जणांना हे माहीत होतं. ज्या तिघांना माहीत नव्हतं ते वर्गातले सर्वांत हुशार तिघे. माझ्या बुद्धिमत्तेचा एवढा जाहीर अपमान आयुष्यात कधी झालेला नाही.

संध्याकाळी गुरुजींच्या ओट्यावर पोचलो तेव्हा चहा ठेवलेला होता. अक्का दारातच हळू आवाजात म्हणाल्या, "भाऊ, जपून बोलजो. त्यायची शाया सुटली तं माणूस हातातून जाईन मह्या." गुरुजींना बाईंनी सगळं सांगितलेलं होतं. मला वाटलं होतं काम सोपं आहे. मी म्हणालो, "गुरुजी, साधी गोष्ट आहे. वर्गात सांगून टाका की लागत नाही. मुलगी सोमवारी परत येईल."

"सतरा एके सतरा," गुरुजी म्हणाले. चहाला उकळी आली होती. "सतरा दुणे चौतीस. चौदा, धाकाचं गुपित फुटलं की धाक राहत नाही. सतरा त्रिक एक्कावन्न. मी अठ्ठावन्न वर्षं शिकवतोय. एकाही मुलाच्या अंगावर वळ उठवलेला नाही. माझे गुरुजी निरगुडीच्या फोकाने मारत. हाताची सालं निघत. मी ठरवलं होतं, की मी मारणार नाही. पण मार नाही म्हटल्यावर पाढे कोण पाठ करणार? म्हणून हा मार्ग काढला. मार एकालाही नाही आणि धाक सगळ्यांना. सतरा चोक अडुसष्ट. याहून नवी पद्धत तुमच्या बाईंच्या टीव्हीत असेल तर मला दाखवा."

खरं म्हणजे त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. त्या काळात, त्या गावात, हातातली निरगुडी टाकून केळीचा दांडा घेणारा माणूस सगळ्यांच्या पुढे होता. मी चहा पिऊन निघणार होतो. पण ज्या गोष्टी आपण ठरवून बोलतो त्या कधीच उपयोगी पडत नाहीत, न ठरवता निघतात त्याच पडतात.

"सतरा पाचे पंच्याऐंशी," गुरुजी म्हणाले.

"गुरुजी, मी चौथीत रोज ओकायचो."

"कुठे?"

"चिंचेखाली. शाळेत येताना. वर्षभर. तुम्ही मला मारलं नाहीत ना, म्हणून मला कोणी सांगितलंच नाही की लागत नाही."

गुरुजींनी मान माझ्याकडे वळवली. सणाचा दिवस नव्हता, चष्मा डोळ्यांवर नव्हता. मी त्यांना कितपत दिसत होतो कोण जाणे. सतरा सक काही आलं नाही. आत चहा वर आला, उतू गेला, गॅस विझला, जळक्या दुधाचा वास ओट्यापर्यंत आला. अक्का पाढ्याची वाट बघत तशाच फडकं हातात धरून उभ्या होत्या. लग्नाला अठ्ठावन्न वर्षं झाली, त्या घरात चहा उतू गेला तो ही पहिलीच वेळ.

"मागची रांग," गुरुजी म्हणाले. मग उठले, खुंटीवरच्या पिशवीतून चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि लावला. "सोमवारी सकाळी अकराला ये. चौथीच्या वर्गात. उशीर करू नकोस."

आता मी काय करतो, सोमवारचं अर्धं राहू देतो आणि त्यानंतरचं आधी सांगून टाकतो, कारण शेवट मला दुसरीकडे करायचा आहे. ती मुलगी शाळेत येते. तक्रार झाली नाही. गुरुजींचा अकराचा तास अजून चालू आहे, आणि हुशार मुलं आता पुढे बसतात, कच्चीही पुढेच बसतात, म्हणजे सगळे गोल बसतात आणि मागची रांग उरलेलीच नाही. गुरुजी रोज चष्मा लावतात. परवा फोनवर म्हणाले, "चौदा, आज एका पोराने तेराचा पाढा चुकवला. मी म्हटलं, पुन्हा म्हण. त्याने पुन्हा म्हटला. झालं. त्यात काही मजा आली नाही रे. वर्ग फार शांत झालाय." पुढच्या रांगेतली जुनी वांड पोरं तर बाईंकडे जाऊन आली म्हणे, की गुरुजी आमच्यावर रागावलेत का, आम्हाला आता मारत का नाहीत. सातसुद्धा मला म्हणाला, की त्याच्या नातवाला चौथीत हे सुख मिळणार नाही. पद्धत बदलायला हवी होती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. बदलली ती चांगली होती, याबद्दलही नाही. या दोन वाक्यांचं एकमेकांशी कसं जमवायचं ते मला कोणी शिकवलेलं नाही.

तर सोमवार. मी पांढरा सदरा घालून गेलो होतो, का ते देव जाणे. वर्गात पस्तीस मुलं, मागे खुर्चीवर बाई, दारात ती मुलगी आईचा पदर घट्ट धरून. दोन वेण्या, मोठे डोळे, चेहरा इतका ओळखीचा, की आरशात बघतोय असं वाटलं. तेवढ्यात गुरुजी आले. काखेत ताजा दांडा, डोळ्यांवर चष्मा. फळ्याआड गेले नाहीत, वर्गाच्या मधोमध उभे राहिले. मुलांसमोर दांड्याला दोन चिरा दिल्या, तीन जिभा सुट्या करून दाखवल्या. पुढची पोरं एकमेकांकडे बघू लागली. गुपित असं उघड्यावर मांडलेलं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

"चौदा?"

"हजर, गुरुजी."

"उभा राहा. सतरा नव्वे?"

खरं सांगतो, ठरलेलं काही नव्हतं. मला सतराचा पाढा झोपेत येतो. पण गुरुजींच्या हातात दांडा होता, मी नऊ वर्षांचा झालो होतो आणि डोक्यातलं सगळं पुसलं गेलं होतं. "एकशे... त्रेचाळीस," मी म्हणालो.

आयुष्यातली पहिली चूक. गुरुजींचा चेहरा असा उजळला, जणू मी बोर्डात पहिला आलो.

त्यांनी दाराकडे बोट केलं. "तू. इकडे ये. सतरा नव्वे?"

"एकशे त्रेपन्न," मुलगी पदर न सोडता म्हणाली.

"बरोबर. मग आता याला तू मार."

मुलीने आईकडे पाहिलं, आईने बाईंकडे, बाईंनी माझ्याकडे. मी मान हलवली. पदर सुटला. मुलगी एकेक पाऊल टाकत आली. गुरुजी तिच्यासमोर गुडघ्यावर बसले, ऐंशी वर्षांचे गुडघे, दोन्ही वाजले. दांडा तिच्या हातात दिला आणि तिच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी कुजबुजले. तिचे डोळे आणखी मोठे झाले. एकदा दांड्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. मी हात पुढे केला.

फट्ट!

कौलांऐवजी आता पत्रे आहेत, ते हलले. माझ्या तळहातावर काहीतरी थंड, ओलं, फुलासारखं टेकलं आणि निघून गेलं. एवढंच. बाहीवर चिकाचे चार थेंब उडाले. तो सदरा बायकोने लिंबू लावून पाहिला, सोडा लावून पाहिला, डाग आता तपकिरी झालेत, जात नाहीत. मी तिला तो टाकू देत नाही. पण तेव्हा मी नुसता हात पुढे धरून उभा होतो. एवढ्यासाठी मी एक अख्खं वर्ष चिंचेखाली घालवलं होतं. सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता, गुरुजी गुडघ्यांवरून चष्म्यातून बघत होते, दारात ती आई तोंडाला पदर लावून बघत होती. पुढचं सगळं गुपचूप, कानात सांगायचं असतं, ही रीत आहे. पण ती पोरगी नवी होती, तिला रीत कुठली माहीत. दांडा दोन्ही हातांनी धरून, वर माझ्या तोंडाकडे बघत, अख्ख्या शाळेला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात ती म्हणाली,

"ओ काका, आते रडा ना! बठ्ठा वाट देखी राहिनात!"